अंड्याच्या कवचावरची रेघ

नाशिक,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू म्हणालास, "अंड्यावर लेसर म्हणजे काय ते नीट लिहून कळव." आज रविवार, वर्कशॉप बंद आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

दिवाळीनंतर चाळीसगावला गेलो होतो. निघताना काकूंनी डझनभर गावरान अंडी दिली, तांदळाच्या डब्यात पुरून. एकही फुटलं नाही. आमच्या घरात अंडं येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून डबा तसाच इथे अंबडला वर्कशॉपवर ठेवला. दुपारी जेवताना एक अंडं हातात घेऊन बसलो होतो. गडद तपकिरी. सहज ब्लेडचं टोक ओढलं तर खाली पांढरी रेघ! रंग आरपार नसतो रे, नुसता वरच्या थरात असतो. कोंबडी अंडं घालायच्या अगदी शेवटी तो चढवते. मी दिवसभर लेसरच्या मशीनने अ‍ॅक्रिलिकवर आणि लाकडावर हेच तर करतो, वरचा थर उडवायचा आणि खालचा दाखवायचा. मग राहवलं नाही.

पहिलं अंडं वाया गेलं. लाकडाला ठेवतो तेवढीच ताकद ठेवली, शिवाय अंडं भरलेलं. चर्र आवाज आला, केस जळाल्यासारखा वास सुटला आणि भोक पडून सगळा बलक मशीनच्या जाळीत उतरला. कवच जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीचं, आतून चिकटलेला पापुद्रा प्रथिनांचा. तो वास त्या पापुद्र्याचा. जाळी घासण्यात संध्याकाळ गेली आणि काकूंनी जपून दिलेलं अंडं असं घालवल्याची चुटपुट रात्रभर लागली.

आता आधी अंडं रिकामं करतो. दोन्ही टोकांना दाभणाने भोक पाडायचं, आत तार फिरवून बलक फोडायचा, एका बाजूने फुंकायचं. सगळं वाटीत येतं, वर्कशॉपवरची पोरं त्याचं ऑम्लेट करून खातात. मग पाण्याने खळबळून दोन दिवस उलटं वाळवायचं.

खरी अडचण गोलाईची. आमचा लेसरचा झोत डोळ्याला दिसत नाही, त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, पण भिंगातून तो एका ठरावीक अंतरावरच सुईसारखा बारीक होतो. त्याच्या थोडं वर-खाली झालं की रेघ पसरते. सपाट फळीवर हा प्रश्नच नसतो. अंडं आडवं ठेवून रुंदीच्या अंगाने दोन सेंटिमीटरची नक्षी काढली, तर तिच्या कडा मधल्या भागापेक्षा जवळजवळ अडीच मिलिमीटर खाली जातात. म्हणून पेले फिरवायची रोटरी लावली. दोन रबरी वाट्यांमध्ये अंडं हलक्या हाताने धरायचं आणि ते स्वतःभोवती फिरत राहतं. मग उतार फक्त लांबीच्या बाजूने उरतो, दीडेक मिलिमीटर. तेवढं चालून जातं. वाट्या घट्ट केल्या की तडा, सैल ठेवल्या की अंडं घसरतं आणि शेवटची रेघ पहिलीला मिळत नाही. तीन अंडी त्यातच गेली.

जमलं तेव्हाचं सांगतो. झाकणाच्या काचेतून बघत होतो. अंडं इतकं सावकाश फिरतं की फिरतंय हे कळतच नाही, आणि तपकिरी अंगावर एक पांढरी, खडूसारखी रेघ उगवत जाते. बोट फिरवलं तर बारीक भुकटी हाताला लागते. कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुनखडकच. भट्टीत चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. झोताखालीही कणाकणाने तेच होतं. पंखा आणि धुराचा पाइप चालू असल्याशिवाय मी मशीन लावत नाही.

लोक मोबाइलवर फोटो दाखवून विचारतात, बाळाचा चेहरा काढून द्याल का? मी नाही म्हणतो. चेहऱ्याला सावल्यांचे दाट ठिपके लागतात, त्याने कवच सगळीकडून अशक्त होतं, आणि दिसतंही डागाळलेलं. अंड्याला रेघच शोभते. मी द्राक्षाची वेल काढली, गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या काढल्या. आईने बघितलं, हातात घेतलं नाही, पण म्हणाली, "छान आलंय. देवाचं काही काढू नकोस त्यावर." ते मी पाळतो.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. आपण सहावीत असताना सहल पाटणादेवीला गेली होती, आठवतं? देऊळ पाहिलं, भास्कराचार्यांबद्दल सरांनी सांगितलं, धबधब्याखाली भिजून आजारी पडलो. पण त्याच पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याचा कोरलेला तुकडा सापडला होता, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात तिथे खोदकाम केलं. तुकडा साधारण २५,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा आपल्या खानदेशात शहामृग फिरत होते, अव्या! त्या तुकड्यावर समांतर रेघा आहेत आणि त्यांच्या मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी. दक्षिण आफ्रिकेत डिपक्लूफला तर ६०,००० वर्षांपूर्वीची अशी कवचं मिळाली आहेत. पण पाटणं आपलं आहे, तुझ्या घरापासून सायकलवर जाण्याजोगं.

हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचेना. शेवटचं उरलेलं अंडं घेतलं, काकूंच्या त्याच डझनातलं, आणि त्यावर तीच नक्षी काढली. दोन पट्टे, मध्ये जाळी. शहामृगाचं कवच दोनेक मिलिमीटर जाड असतं, त्यावर त्या माणसाने गारगोटीच्या टोकाने किती दाब दिला असेल, हात कसा धरला असेल, याचा विचार करत मशीनजवळ उभा होतो. एका जागी माझी जाळी जराशी चुकली आहे, पुसता येत नाही, तशीच ठेवली.

ते अंडं कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलंय, काकूंसाठी. कुरिअरवर माझा भरवसा नाही. संक्रांतीला तू पुण्याहून घरी जाशील तेव्हा नाशिकवरून जा, डबा तुझ्या हातात देतो. जमलं तर मीही सोबत येतो आणि एक दिवस पाटण्याला जाऊ. काकूंना सांग, या वेळी गडद रंगाची अंडी तेवढी बाजूला ठेवा, फिकी नकोत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिन्या