आई, आण्णा, यंदा दोन तारखेला येत नाहीये

27 एप्रिल, रात्रीचे साडेदहा

आई आणि आण्णांना,
शि.सा.न.वि.वि. (बघा, अजून विसरले नाही)

मोबाईलवर टाईप करतेय त्यामुळं चुका असणार. आणि हे आण्णांनी स्वतः वाचायचं नाही, दादाच्या पोराला वाचायला लावायचं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीनच आठवडे झालेत आणि दुपारचे थेंब चुकवता हे आईनं मला कधीच सांगितलंय. फोनवर बोलले असते पण इथं रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते आणि संध्याकाळी निम्मं गाव तिथंच बसलेलं असतं, मी काय बोलतेय ते माझ्या आधी त्यांनाच कळतं.

तर जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते, दोन मेला मी येत नाहीये. एक तारखेला झेंडावंदन आणि निकाल झाला की सुट्टी लागते हे खरंय, आईनं सांडगे घालायचे माझ्यासाठी थांबवलेत हेही माहितीय, पण मला दहा-बारा तारीख उजाडेल. कारण ऐका आणि मग रागवा.

कारण आहे पट. आत्ता शाळेत तेवीस पोरं आहेत, पहिली ते चौथी मिळून. चौथीची सहा जण आता मोठ्या गावच्या हायस्कूलला पाचवीला जाणार, राहिली सतरा. एक दाखला घेऊन चाललाय, त्याचं पुढं सांगते, राहिली सोळा. अंगणवाडीतून पहिलीला येणार तीन. एकोणीस. आण्णा, तुम्ही तिकिटांचा हिशोब करायचात तसा चार वेळा मांडून बघितला पण एकोणीसच येतात. वीसच्या आतल्या शाळांचं काय करायचं याची चर्चा दर वर्षी निघते, आणि त्यात आमचे मुख्याध्यापक सर 31 मेला रिटायर होतायत. दोनच शिक्षक आम्ही. त्यांच्या जागी कुणी येईलच असं कोण सांगणार. म्हणजे चार वर्ग, ऑफिसची सगळी माहिती, खिचडीचा हिशोब आणि मी एकटी.

सरांची जन्मतारीख एक जून आहे बरं का, तुमच्यासारखीच. त्यांना पण खरी माहिती नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकली. मी म्हटलं आमच्या आण्णांची पण तीच, तर सर म्हणाले अहो आमच्या पिढीत निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मला, आणि म्हणून एकतीस मेला एका दिवसात इतके लोक रिटायर होतात.

तुम्हाला हे पटाचं आईपेक्षा लवकर समजेल. तुम्ही सांगायचात ना, एसटीला भारमान नाही, गाडी रिकामी धावते म्हणून फेरी बंद करतात, फेरी बंद झाली की लोक वडापच्या जीपला जातात, लोक वडापला गेले की भारमान आणखी घसरतं आणि मग वरून विचारतात या रूटला गाडी हवीच कशाला. अगदी डिट्टो तसंच चाललंय इथं. एक शिक्षक कमी झाला की पालक म्हणतात एकटी बाई काय शिकवणार चार वर्गाला, आणि पिवळी बस दारात येते इंग्लिश मीडियमची, विट्याला घेऊन जाते.

आई, तू मागच्या वेळी आलीस तेव्हा विचारलं होतंस की गावात एवढे मोठमोठे बंगले आणि शाळेत पोरं कशी नाहीत. तेव्हा घाईत सांगता आलं नाही. हा सगळा खानापूर घाटमाथा गलाईवाल्यांचा. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून, ॲसिडमध्ये घालून शुद्ध करायचा धंदा. पाऊस नाही, शेतीत काही नाही, म्हणून माणसं बाहेर पडली, बहात्तरच्या दुष्काळानंतर तर घरटी कुणी ना कुणी गेलं, आणि आता तमिळनाडू, केरळ, पंजाब, दिल्ली, कुठल्या पण सराफ गल्लीत विचार, विटा-खानापूर-आटपाडीकडचं माणूस सापडतंच. पैसा गावाकडं आला, बंगले झाले, देवळांचे कळस झाले. पण बंगल्यात राहतात फक्त आज्जी-आजोबा आणि एक कुत्रं. यात्रेला आणि मेच्या लग्नसराईत सगळे येतात, तेव्हा आमच्या एवढ्याशा रस्त्यावर टीएन, केएल, पीबी असल्या नंबरच्या गाड्या लागतात, आठ दिवस गाव नुसतं फुललेलं असतं आणि नवव्या दिवशी परत कुलपं.

त्या आठ दिवसांसाठीच मी थांबतेय. यात्रा पुढच्या आठवड्यात आहे. माणसं घरी सापडतात ती तेव्हाच.

आणि हा जो दाखला घेऊन चाललाय ना, तो पण त्यांच्यातलाच. गेल्या जूनमध्ये आजोबांनी दुसरीत आणून बसवला, कोइमतूरहून आला म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी नाव पाडलं कोइमतूर, आता तर हजेरीत खरं नाव घेतलं की तोच इकडं तिकडं बघतो. घरात मराठी बोलायची सवय होती पण वाचता अक्षर येत नव्हतं, ण आणि ळ मात्र असे खणखणीत म्हणायचा की आमच्या पोरांना लाज वाटावी (त्यांचं पाणी म्हणजे पानीच). खिचडी वाढताना मौशीनं दुसरा डाव घातला की ताटावर हात धरून म्हणायचा, पोदुम. म्हणजे पुरे. पोरांनी पहिल्यांदा हसून घेतलं आणि दिवाळीपर्यंत सगळी शाळा पोदुम म्हणायला लागली. आता मौशी पण आमटी संपली की भांडं उपडं करून दाखवते, पोदुम. मी गणिताचा तास लांबवला की मागून आवाज येतो, बाई पोदुम.

मार्चमध्ये त्यानं अख्खा धडा वाचून दाखवला, अडखळत पण एकट्यानं. आणि परवा आजोबा दाखला मागायला आले. सुनेला करमत नाही म्हणे, पोरगं रात्री फोनवर रडतंय. मला कुणीतरी सुचवलं होतं, दाखला जरा लांबवा, जूनपर्यंत काहीतरी कारण सांगा, तोवर मन बदलेल. खरं सांगू, अर्धा दिवस माझ्या पण मनात आलं. मग त्याच दिवशी लिहून दिला. उद्या आपल्यात कुणी म्हटलं की पटासाठी पोरगं आईपासून लांब ठेवलं, तर मी काय तोंड दाखवणार. म्हणून माझं ठरलंय, जे पोराला बरोबर न्यायचं म्हणतात त्यांच्या दारात मी जायचं नाही. पोरं इथंच आज्जीकडं आहेत आणि पिवळ्या बसनं सकाळी साडेसहाला झोपेत जातात, त्यांच्याकडं मात्र जाणार, चहा पिणार, आणि उठणारच नाही. अशी चार घरं आहेत. एक जरी आलं तरी वीस.

बाकी परीक्षा शुक्रवारी संपली. यंदा एप्रिलच्या शेवटापर्यंत ताणली आणि उन्हानं नुसता जीव गेला, शाळा सकाळची असली तरी दहालाच पत्रा तापतो. तोंडी परीक्षेत तिसरीतल्या एकीला विचारलं आपल्याला पाणी कुठून मिळतं, तर म्हणाली टेंभूतून. म्हटलं अगं टेंभूत कुठून येतं, तर विचार करून म्हणाली, मोटरीतून. पूर्ण मार्क दिले. आता चूक तरी कशी म्हणू, तिच्या जन्मापासून तिनं तेच बघितलंय. मग फळ्यावर नकाशा काढून सांगितलं की माझं माहेर पाटणकडं, आमच्या दारातली कोयना कराडला कृष्णेला मिळते, तिथून खाली टेंभूला ते पाणी पंपानं उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं डोंगर चढवून इकडं आणतात. तर पोरं म्हणतात, म्हणजे बाई तुमच्या आईनं धुणं धुतलेलं पाणी आम्हाला येतं काय? आई, आता धुणं धुताना जरा इकडची पण आठवण ठेव. टेंभू हे आगरकरांचं जन्मगाव हे पण सांगितलं, 1856 साल वगैरे, पण त्यात कुणाला इंटरेस्ट नव्हता, धुण्यात होता.

पाणी आल्यापासून द्राक्षं वाढली आणि आता बेदाण्याचा सीझन संपत आलाय. शेडवर बाया निवडायला जातात, पोरं पण त्यांच्यामागनं जातात, परीक्षेच्या तोंडावर माझी चार पोरं गायब. मी गाडी काढली आणि सरळ शेडवर गेले, तर जाळ्यांच्या सावलीत आरामात बसून बेदाणे खातायत. रागावले तर एकाची आई म्हणते, "ओ बाई, घरात ठिवलं तर हिरीवर जात्यात, हितं नदरंसमोर तरी असत्यात." याला काय उत्तर आहे सांगा. शेवटी ठरलं की रोजचा पेपर झाला की मीच त्यांना शेडवर सोडणार. चार दिवस ती पण नोकरी केली.

शाळापूर्व तयारीचा मेळावा पण उरकला. त्यात पहिलीला येणाऱ्या पोरांना एकेका टेबलवर नेऊन उड्या मार, रंग ओळख, गोष्ट सांग असं करून घ्यायचं असतं आणि मग आयांचे गट करायचे, सुट्टीत घरी काय काय करून घ्यायचं ते त्यांना सांगायचं. आमच्याकडं आया दोन आणि आज्ज्या पाच. माता गटाच्या ऐवजी आज्जी गट झाला. एक आज्जी तर नातवाला बाजूला सारून स्वतःच मणी ओवायला बसली आणि त्याच्या आधी ओवून मोकळी झाली, वर मलाच विचारते, माझा नंबर कितवा.

चौथीचा निरोप समारंभ शनिवारी झाला. दर वर्षी चौथीची पोरं वर्गणी काढून शाळेला घड्याळ देतात, यंदाचं धरून भिंतीवर पाच झाली आणि पाचांत पाच वेळा आहेत, शाळा सुटायच्या वेळी पोरं सगळ्यात पुढं असलेल्या घड्याळाकडं बोट करतात. सरांचं हे शेवटचं भाषण. सर रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकलेले, त्यांना कर्मवीर भाऊराव आण्णांशिवाय भाषण जमतच नाही, 1919 साल, काले गावात रयतची स्थापना, तिथनं सुरुवात. मग कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्र मोडलं ते सांगायला लागले आणि सांगता सांगता गप्पच झाले. कुणाला काही सुचेना. तेवढ्यात कोइमतूरनं हात वर केला, सर, ते सोनं आटवलं कुणी? गलाईवाल्याचं पोरगं, त्याला तोच प्रश्न पडणार ना. सर डोळे पुसत हसले. मी पण तेवढ्यात ताटं मांडायच्या निमित्तानं बाहेर गेले.

आत्ता निकालपत्रकं लिहितेय. प्रत्येक पोराच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात, तेच ते ठरलेलं, स्वतःचे विचार मांडतो, स्वच्छतेची आवड आहे. कोइमतूरच्या प्रगतीपत्रकात काय लिहावं कळेना, आवड-छंदाच्या रकान्यात शेवटी लिहिलं, प्रश्न विचारतो. बाकीची सगळी माहिती ऑनलाइन भरायची, ती रात्री बारानंतर देवळाच्या पायरीवर बसून. पुजाऱ्याला वाटतं मी काही नवस बोललेय.

आईनं बदलीचं विचारलं होतं. आंतरजिल्हा बदलीचे फॉर्म निघाले की भरणार असं मी दिवाळीत म्हटलं होतं, तेव्हा खरंच वाटत होतं. आता सर गेल्यावर लगेच मी पण जायचं म्हणजे... ते आल्यावर समोरासमोर बोलू, फोनवर नको आणि मामीला मध्ये घालून तर अजिबात नको. स्थळाचं पण तसंच.

अकरा तारखेला सकाळच्या विटा-कराड गाडीनं निघेन, कराडला बदलून दुपारी जेवायला घरी. आण्णांनी स्टँडवर उन्हात यायचं नाही. करवंदं पिकली असली तर थोडी ठेवा, दादाच्या तावडीतून वाचली तर.

तुमची,
बाई (इथं मला दुसरं नावच उरलं नाहीये)

ता.क. गावातला एक जण कराडला गेलाय, त्याच्याबरोबर दोन किलो बेदाणे पाठवलेत, दादा उद्या स्टँडवरून घेईल. डबा फ्रीजमध्ये ठेवायचा, नाहीतर मुंग्या. आणि जो हे वाचून दाखवतोय त्यानं वाचता वाचता मूठमूठ खाल्ले असतील तर तेवढे पोदुम.