ज्यांनी मला घडवले, त्यांच्याविषयी

प्रिय लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या शुभेच्छा पोहोचल्या. त्यांच्यासोबत तू जो प्रश्न विचारलास, "बाबा, तुम्ही आज जसे आहात तसे कुणामुळे झालात?", त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. वाढदिवसाला माणूस साधारणपणे आपण काय मिळवले याची उजळणी करतो. मला या वयात आपल्यात काय कुठून आले याचा शोध घेणे अधिक मोलाचे वाटते, आणि तो घेताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली आहे, ती आधीच सांगतो. ज्यांनी मला खरोखर घडवले, त्यांतल्या बहुतेकांना आपण कुणाला घडवत आहोत याची कल्पनाही नव्हती. ज्यांनी जाणूनबुजून उपदेश केला आणि शिस्त लावली, त्यांचे ऋण मी नाकारत नाही. पण त्यांच्या सांगण्यातले माझ्यात फार थोडे टिकले. टिकले ते इतरांचे वागणे, जे मी बाजूला बसून पाहत होतो.

अशी यादी करण्याची कल्पना जुनी आहे. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस, ज्याचा राज्यकाळ इ. स. १६१ ते १८० असा होता, त्याने स्वतःसाठी ग्रीक भाषेत काही टिपणे लिहून ठेवली. त्यांचा पहिला भाग म्हणजे कुणाकडून काय घेतले याची केवळ नोंद आहे. आजोबांकडून राग आवरणे, आईकडून दातृत्व आणि साधी राहणी, व्याकरणाच्या शिक्षकाकडून कुणाचे बोलणे चुकले तर त्याला टोचून न बोलणे, आणि एका तत्त्वज्ञाकडून 'मला वेळ नाही' असे गरज नसताना वारंवार न म्हणणे. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्याने युद्धे आणि विजय बाजूला ठेवून इतक्या बारीक गोष्टी नोंदवाव्यात, याचे मला पूर्वी नवल वाटे. माझी स्वतःची यादी करायला बसलो तेव्हा कळले की, त्याहून मोठे असे मलाही काही सापडत नाही.

माझ्या यादीत पहिले नाव तुझ्या आजीचे आहे, आणि ते केवळ ती माझी आई म्हणून नव्हे. शेजारपाजारच्या ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, ती माणसे आपली पत्रे वाचून घ्यायला आणि उत्तरे लिहून घ्यायला तिच्याकडे येत. हातातले काम बाजूला ठेवून ती कागद घेऊन बसे. सांगणारा अडखळला तर ती थांबून राही. त्याच्या तोंडी आपले शब्द घालत नसे. मजकूर रागाचा असेल तर रागाचाच लिही, त्यात तिच्या मते चूक असली तरी. एकदा मी तिला म्हटले की, हे वाक्य काही नीट झालेले नाही, तू ते बदलत का नाहीस? ती म्हणाली, "पत्र त्यांचं आहे." लिहून झाले की ती सगळा मजकूर सावकाश वाचून दाखवी आणि विचारी, "असंच म्हणायचं होतं ना?" होकार आल्याशिवाय कागदाची घडी घालत नसे. मी तिथेच बसलेला असे, त्यामुळे कुणाचे कर्ज, कुणाचा भावाशी धरलेला अबोला, कुणी घरात कुणालाच न सांगितलेले आजारपण, हे सगळे माझ्या कानावर पडे. त्यातले एक अक्षरही तिने पुढे कुणाजवळ काढल्याचे मी ऐकले नाही, तुझ्या आजोबांजवळही नाही. हे बाहेर बोलायचे नाही, असे तिने मला कधी बजावले नाही. तिचे गप्प राहणे रोज डोळ्यांसमोर होते, आणि तेवढे मला पुरेसे होते. पुढे नोकरीत लोकांची गाऱ्हाणी लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते कसे करायचे हे मला कुणी शिकवले नाही आणि शिकवावे लागलेही नाही. समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवायचे, त्याला ते वाचून दाखवायचे आणि खोलीबाहेर त्याची वाच्यता करायची नाही, हे मी आईच्या शेजारी बसून शिकलो होतो. माझ्या कामाचे कधी कौतुक झाले असेल तर ते तिच्या नावावर जमा व्हायला हवे.

तुझे आजोबा मितभाषी होते. वापरलेली वस्तू जागच्या जागी ठेवणे आणि शब्द दिलेल्या वेळेआधी पोहोचणे, या दोन गोष्टी मी त्यांच्याकडून घेतल्या. एवढे लिहून थांबतो, कारण त्यांनी स्वतः यापेक्षा अधिक लिहू दिले नसते.

शाळेतल्या एका शिक्षकांची आठवण मात्र विस्ताराने सांगायला हवी. वर्गात एकाने विचारले की, क्षितिजाजवळचा चंद्र एवढा मोठा आणि डोक्यावर आलेला चंद्र लहान का दिसतो? सर क्षणभर थांबले आणि साऱ्या वर्गासमोर म्हणाले, "मला नक्की ठाऊक नाही. बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच तो विषय स्वतःहून काढला. कागदाची बारीक नळी करून तिच्यातून दोन्ही वेळचा चंद्र बघा, असे सांगितले. आम्ही तसे पाहिले तेव्हा दोन्ही चंद्र सारखेच निघाले. चंद्र आकाशात सुमारे अर्ध्या अंशाएवढीच जागा व्यापतो, हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाआडही तो सहज झाकला जातो, आणि तो मोठा झाल्याचा भास आपल्या पाहण्यात होतो, हे त्या दिवशी कळले. तो भास नेमका कशामुळे होतो याबद्दल अभ्यासकांचे अजून एकमत नाही, हेही सरांनी लपवले नाही. चंद्राविषयीची माहिती मला पुढे कुठूनही मिळाली असती. पण ज्यांच्या शब्दाला आम्ही प्रमाण मानत होतो, त्या माणसाने 'ठाऊक नाही' असे म्हटले आणि त्यामुळे त्यांच्याविषयीचा आमचा आदर वाढला, हे पाहायला मिळणे दुर्मीळ होते. सरांच्या दृष्टीने तो एक साधा तास होता, आणि त्यांनी तो लगेच विसरूनही टाकला असेल.

वस्तूही माणसाला घडवतात. माझ्या बाबतीत ती वस्तू म्हणजे कुणीतरी देऊन टाकलेले एक जुने नकाशांचे पुस्तक. त्यात टांगानिका आणि झांझिबार वेगवेगळे दाखवलेले होते आणि माझ्या शाळेच्या पुस्तकात त्या जागी टांझानिया होता. दोन्ही छापील, मग खरे कोणते, या प्रश्नाने मी बेजार झालो. हे दोन देश १९६४ मध्ये एकत्र आले आणि आपल्या हातातले पुस्तक त्याआधीचे आहे, हे उमगल्यापासून कोणतेही पुस्तक उघडले की मी आधी त्याच्या छपाईचे साल बघतो. तू लहानपणी या सवयीला हसत असस. ती कुठून आली ते आता तुला कळेल.

पुस्तकांचा विषय निघाला आहे तर एक सर्वांना ठाऊक असलेली हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे त्याचे याहून मोठे उदाहरण माझ्या माहितीत नाही. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनाच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची अभ्यासाची ओढ केळूसकरांनी आधीच हेरली होती आणि पुढच्या शिक्षणासाठीही त्यांनी मदत केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्या भेटीला जवळपास पन्नास वर्षे झाली होती, आणि केळूसकर १९३४ मध्येच वारले होते. एका पुस्तकाने हे सारे घडले असे म्हणणे त्या पन्नास वर्षांच्या चिंतनावर आणि संघर्षावर अन्याय करणारे ठरेल. पण पुस्तक देणाऱ्याला त्या सभेत जे दिसत होते, ते एका हुशार मुलाचे यश होते, आणि दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे पाहायला तो उरला नाही. देणाऱ्याच्या वाट्याला बहुधा एवढेच येते, आणि मला त्यात काही उणे वाटत नाही.

दुःखाने माणूस घडतो असे पुष्कळजण म्हणतात, आणि वाढदिवसाला तर ते हमखास म्हटले जाते. मला ते पटलेले नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एक वरिष्ठ सर्वांदेखत पाणउतारा करत. त्या काळाने मला कणखर केले असे मी म्हणू शकलो असतो, पण ते खरे नाही. त्या काळाने मला केवळ थकवले. मला सावरले ते शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्क सहकाऱ्याने. अशा प्रसंगानंतर ते काहीही न बोलता आपले काम घेऊन माझ्या समोर येऊन बसत आणि सुटीपर्यंत तिथेच राहत. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या अभ्यासकांनी कित्येक दशके मागोवा घेतला. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणे, आईवडिलांची व्यसने किंवा मानसिक आजार अशी कठीण परिस्थिती आली होती, आणि त्या मुलांतलीही जवळपास एक तृतीयांश मुले कर्तबगार, आत्मविश्वास असलेली आणि इतरांची काळजी वाहणारी माणसे झाली. त्यांच्यात जे साम्य आढळले, त्यात एक गोष्ट ठळक होती. आईवडील असोत, आजी-आजोबा असोत वा शिक्षक असोत, निदान एका मोठ्या माणसाचा भक्कम जिव्हाळा त्यांना लाभला होता. म्हणून तुझ्या कठीण दिवसांचे श्रेय त्या दिवसांना देऊ नकोस. तेव्हा कोण जवळ बसले होते ते आठव.

तूही या यादीत आहेस. तू चार-पाच वर्षांची असताना प्रत्येक विधानावर 'कशावरून?' असे विचारत असस, आणि आपल्याला ठाम वाटणाऱ्या किती मतांना काहीच आधार नाही, हे मला तुला उत्तरे देताना कळत गेले. त्यातली काही मते मी तेव्हाच सोडून दिली. मुले आईवडिलांना घडवतात, हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते.

आता या यादीतल्या एका उणिवेकडे येतो. उतारवयातल्या माणसांना आयुष्याच्या आठवणी विचारल्या की दहा ते तीस या वयातल्या आठवणींची गर्दी होते, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. आणि तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे तर बहुतेकांना काहीच आठवत नाही. पण घडणे तेव्हापासून चाललेले असते. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, तीन दिवसांचीही न झालेली बाळे, तोंडात दिलेली रबरी चोखणी विशिष्ट लयीत चोखल्यावर आईचा आवाज ऐकू येतो असे लक्षात येताच, परक्या बाईच्या आवाजाऐवजी तो ऐकण्यासाठी आपल्या चोखण्याची लय बदलतात. म्हणजे ज्यांचे ऋण सर्वांत आधीचे, तीच माणसे स्मरणातून पूर्णपणे निसटलेली.

माझ्यासाठी ते माणूस म्हणजे माझी आत्या. माझ्या जन्मानंतर आई बराच काळ आजारी होती आणि त्या काळात मला आत्याने सांभाळले. मला काही आठवू लागण्याआधीच ती गेली. तरुणपणी मी अशी यादी केली असती तर तिचे नाव त्यात आलेच नसते. मन अस्वस्थ असले की मी कपाळावरून बोटे हलकेच फिरवतो, हे तू पाहिले आहेस. तुझे काका सांगतात की, आत्या मला झोपवताना हेच करत असे. ती सवय तिच्यापासूनच आली असे मला सिद्ध करता येणार नाही, तरी मी तसे मानतो.

तिचा एकुलता एक फोटो माझ्याजवळ आहे, तो तुला पाठवत आहे. मागे तिचे नाव लिहिले आहे आणि आईने तिच्याविषयी मला जे सांगितले होते, ते वेगळ्या कागदावर उतरवून सोबत ठेवले आहे. तो मजकूर अपुरा आहे. काका माझ्यापेक्षा बरेच मोठे आहेत आणि त्यांना ती स्पष्ट आठवते, पण मी विषय काढला की ते एकदोन वाक्यांत आटोपतात. तू पुढच्या सुटीत त्यांच्याकडे जाशील तेव्हा हा कागद घेऊन जा. तू विचारलेस तर ते सांगतील, असे मला वाटते. ते जसे सांगतील तसेच लिहून घे, आणि त्यांना एकदा वाचून दाखव.

तुझे,
बाबा