कोरसवाल्या कीबोर्डबद्दल

पुणे, रविवार

प्रिय सुन्या,

तुझा फोन आला तेव्हा घाईत होतो, म्हणून आता सविस्तर लिहितो. तुझा प्रश्न असा की कॅसिओचा तो शब्द गाणारा कीबोर्ड, सीटी-एस१०००व्ही, ऑर्केस्ट्रात कोरसच्या जागी चालेल का. चालेल, पण कशावर वाजवणार आहेस त्यावर ते आहे. रिदम मशीनचा असेल तर झकास. समोर पखवाजवाला बसला असेल तर जरा वेगळं वाजवावं लागेल.

आपण आजवर पाहिलेल्या अरेंजरांत, म्हणजे स्वतःच साथ देणाऱ्या कीबोर्डांत, कोरस म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा. टेम्पो बदलला की मशीन तो ताणतं नाहीतर दाबतं, आणि ताण फार झाला की पोरी पाण्याखालून गातायत असं वाटतं. इथे तसा तुकडा नाही. २०२२ मध्ये आलेल्या या मॉडेलात आवाज मशीन जागच्या जागी घडवतं. स्वर तू दाबलेल्या पट्टीचा, शब्द आधी भरलेले. काळी दोनवरून काळी चारवर गेलास तरी बोल त्याच चालीनं पुढे सरकतात. तीन पट्ट्या धरल्या तर तिघं गातात. गायकांचे प्रकार २२ आहेत. त्यातले टॉक बॉक्स आणि व्होकोडर, म्हणजे वाद्यच बोलतंय असे यंत्री आवाज, मला आवडले. साधे मानवी आवाज मात्र एकटे ऐकले की रबरी वाटतात. बाकीच्या वाद्यांखाली ठेव, मग खपून जातात.

आता मुद्द्याचं. त्यात दोन मोड आहेत. फ्रेज मोडमध्ये पट्टी दाबलीस की अख्खी ओळ कीबोर्डच्या टेम्पोला धरून सुटते. नोट मोडमध्ये प्रत्येक दाबाला एकच अक्षर पुढे जातं. शब्द मोबाईलवरच्या ॲपमध्ये लिहायचे, कुठलं अक्षर किती लांब ते तिथंच ठरवायचं आणि केबलनं कीबोर्डात पाठवायचं.

समज, चार-चारचा रिदम आहे, म्हणजे चार मात्रांचा एक बार, आणि टेम्पो १२०, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. अर्ध्या मात्रेचं एक अक्षर पाव सेकंदाचं, म्हणजे 'हरी हरी हरी हरी' ही आठ अक्षरं दोन सेकंदांच्या एका बारमध्ये चपखल बसतात. टेम्पो ९० कर, तीच ओळ आपोआप सैल होते, आवाज फाटत नाही. इथं मात्र एक गोम आहे. कानाला ठोका व्यंजनावर नाही, स्वर सुटतो तिथं जाणवतो. 'श' किंवा 'स'नं सुरू होणारी ओळ तू बरोबर समेवर दाबलीस तरी उशिरा आल्यासारखी वाटते, कारण आधी सळसळ आणि मग स्वर. बाई माईकवर गाते तेव्हा ती सळसळ समेच्या आधीच उरकते, नकळत. मशीन तू दाबल्यावरच सुरू होतं. तेव्हा अशी ओळ किंचित आधी दाब, नाहीतर 'ज', 'र', 'ह' किंवा थेट स्वरानं सुरू होणारे बोल निवड.

भाषेची गंमत वेगळीच. मशीनला येतात दोनच, इंग्रजी आणि जपानी. मराठीसाठी मी जपानीला आधी हात घालतो. तिचे अ, इ, उ, ए, ओ आपल्यासारखेच सरळ आहेत, इंग्रजीसारखी जीभ वळवळत नाही. 'जय हरी' जपानीत इतकं स्वच्छ येतं की माझ्या आईनं आतून विचारलं, कोण आलंय? पण जपानीला 'ल' नाही, आणि 'ठ', 'ळ' तर दोन्हीकडे नाहीत. 'विठ्ठल'चा नाद सोड. 'विटल' ऐकून पुढच्या रांगेतले वारकरी उठून जातील.

आता पखवाजवाला. लय चढवणं हा त्याचा हक्क. तुझा कीबोर्ड ९६ वर आणि तो ९८ वर गेला, तर दर बारला पाच शतांश सेकंदाचा फरक पडतो. बारभराची ओळ असेल तर कुणाला कळणार नाही, कारण पुढच्या समेला तू पुन्हा दाबतोस आणि हिशेब नव्यानं सुरू होतो. चार बारांची ओळ एकाच दमात सोडलीस तर शेवटी वीस शतांश मागे, म्हणजे अर्ध्या अक्षराहून जास्त. टाळकरी तुझ्याकडे बघायला लागतील. म्हणून जिवंत ठेक्यावर ओळ बारभराचीच ठेव, आणि लय फारच पळू लागली तर सरळ नोट मोड लाव. मग लय तुझ्या बोटात.

बोटांनी बोलण्याचा उद्योग काही नवा नाही. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल लॅब्जनं व्होडर नावाचं यंत्र दाखवलं होतं. बोटांनी आवाज, मनगटाच्या पट्टीनं घोगरा की सळसळता ते, आणि पायानं स्वराची उंची. ते शिकायला चालवणाऱ्या मुलींना महिनोन्‌महिने लागत. आपल्याला ॲपमध्ये टाईप करायचाही कंटाळा!

घ्यायचा की नाही? ऑर्केस्ट्राच्या मेडलीसाठी घे, डोळे मिटून. भजनासाठी माणसंच बरी. पुढच्या महिन्यात कोल्हापुरात येतोय, कीबोर्ड गाडीत टाकून आणतो. तुझा ऑक्टोपॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा, बोलावून ठेव, आणि बोल काय भरायचे ते आधी कळव. 'ठ' नको!

तुझा,
बाळ्या