माझं बोट ३४ व्या वचनावर ठेवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम सलाम.

देवदूत नेमके कोण, हा प्रश्न माझ्या मनात संडेस्कूलपासून आहे. बायबलात अब्राहामाच्या घरातल्या हागार या दासीला रानातल्या झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत भेटतो आणि ती मात्र त्याला देव म्हणूनच हाक मारते. शमशोनाच्या बापाचं, मानोहाचंही तेच. वेदीच्या ज्वालेतून दूत वर गेला आणि हा बायकोला म्हणाला, आता आपण मरणार, आपण देवाला पाहिलं. तिकडे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या शेवटी, योहान पाया पडायला जातो तर दूत त्यालाच अडवतो : मी तुझ्यासारखाच दास आहे, नमन देवाला कर. मग हागारेशी बोलला तो कोण?

हे मी याआधी ज्यांना विचारलं, त्यांनी भर अभ्यासवर्गात सुनावलं, "जखऱ्या याजकानं गब्रीएल दूताला प्रश्न केला आणि मुका झाला, ठाऊक आहे ना?" सगळे हसले. पुढे त्या वर्गात मी तोंड उघडलं नाही. शास्त्र शिकवायला बसलेल्यानं शास्त्राचाच धाक घालावा, याचा राग अजून गेलेला नाही, बाई.

तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढायला लावलात. माझं बोट २० व्या वचनावर, जखऱ्याच्या शिक्षेवर अडलेलं. तुम्ही ते हलकेच धरून खाली सरकवलंत, ३४ व्या वचनावर. "आता हे वाच." तुला मुलगा होईल हे ऐकून मरीयासुद्धा विचारतेच की, हे कसं होईल? दूत तोच गब्रीएल. तिला त्यानं नीट समजावून सांगितलं, वर म्हातारपणी गरोदर राहिलेल्या तिच्या नातलग अलीशिबेची खूणही दिली. कितीदा वाचलेला अध्याय, पण त्या दिवशी मला रडू आलं. तुमच्या बोटांचा तो स्पर्श अजून हाताला जाणवतो.

बाकीचं तुम्ही सांगितलंत ते वहीत आहेच. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात देवाचे दूत नावानिशी येतात ते दोनच, गब्रीएल आणि मीखाएल. राफाएल भेटतो तोबीतच्या पुस्तकात, कॅथलिकांच्या बायबलात. आणि परमेश्वराच्या दूताबद्दल थोरामोठ्यांचंही एकमत नाही. दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरच्या मते तो देहधारी होण्याआधीचा ख्रिस्तच. नंतरच्या बिशप ऑगस्टिनच्या मते ते देवदूतच, देव त्यांच्या मुखानं बोलला. तुमचा कल जस्टिनकडे आहे हे तुम्ही लपवलं नाहीत, पण मला तिकडे ओढलंही नाहीत. ज्याच्याकडे ज्ञान आहे त्यानं समोरच्याला लहान न करता ते द्यावं, एवढी माणुसकी खरं तर सगळ्यांना जमायला हवी. मंडळीत, शाळेत, दवाखान्यात, कुठंही. तुम्हाला ती जमते आणि तुम्ही तिचा गाजावाजाही करत नाही, म्हणून मला हे सगळ्यांदेखत लिहावंसं वाटलं.

मानोहानंही दूताला त्याचं नाव विचारलं होतं. नाव कळलं नाही, पण विचारल्याबद्दल शिक्षाही झाली नाही. हे आता माझं मला सापडू लागलंय.

सध्या प्रकटीकरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांशी अडले आहे. इफिस, स्मुर्णा अशा सात शहरांतल्या मंडळ्यांच्या दूतांना पत्रं लिहायची आज्ञा होते. हे दूत स्वर्गातले, की त्या त्या मंडळीचे पाळक? स्वर्गातले म्हणावेत तर "पश्चात्ताप कर" असं त्यांच्यातल्या काहींना कसं सांगितलं? रविवारी उपासना सुटली की विचारायला येते.

आपली विद्यार्थिनी