उपग्रह मोजणी : बेस कुठे होता, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न.

‘उपग्रहाने मोजणी झाली, आता वाद कसला?’ असे हल्ली सर्रास ऐकू येते. मुळात उपग्रह जमीन मोजत नाही. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःची वेळ आणि कक्षेची माहिती तेवढी पाठवतो. हिशेब सगळा रिसीव्हरचा, म्हणजे तो संदेश घेणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राचा.

संदेश निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. पण रिसीव्हरचे घड्याळ असते साधे क्वार्ट्झचे. ते एका मायक्रोसेकंदाने चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणून जागा सांगणाऱ्या क्ष, य, झ यांच्या जोडीला घड्याळाची चूक हे चौथे अज्ञात धरावे लागते, आणि किमान चार उपग्रह लागतात ते त्यासाठीच. एवढे करूनही उत्तर काही मीटर इकडेतिकडे असते. गाडीला रस्ता दाखवायला तेवढे चालते, हद्दीच्या दगडाला चालत नाही.

सेंटिमीटरपर्यंत जायचे तर वाहक लहर, म्हणजे संदेश वाहून आणणारी रेडिओ लहरच, मोजावी लागते. जीपीएसच्या एल-१ या वाहक लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. तिचा अपूर्णांक भाग रिसीव्हर मिलिमीटरपर्यंत मोजतो. मधे पूर्ण लहरी किती गेल्या, हे मात्र त्याला ठाऊक नसते. बेस (एका जागी स्थिर ठेवलेला रिसीव्हर) आणि रोव्हर (मोजायच्या बिंदूंवर फिरवला जाणारा रिसीव्हर) यांनी एकाच वेळी घेतलेल्या निरीक्षणांची वजाबाकी करून ही पूर्णांक संख्या सोडवतात. ती सुटली की पडद्यावर ‘फिक्स’ येते, तोवर ‘फ्लोट’. फ्लोटवर घेतलेला बिंदू काही डेसिमीटरने सहज चुकतो. झाडाखाली किंवा भिंतीलगत तर खोटे फिक्सही लागते, आणि तेव्हाही पडदा दोन सेंटिमीटरचीच ग्वाही देत असतो! तासाभराने, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर, नव्याने फिक्स लावून तोच बिंदू पुन्हा घेतला तरच ही चूक सापडते.

सर्वांत महागात पडते ती बेसची चूक. रोव्हर बेसपासूनचा फरक सांगतो, बस्स. ज्याचे निर्देशक (स्थान सांगणारे आकडे) आधीच पक्के आहेत अशा ज्ञात बिंदूवर बेस न लावता यंत्राने स्वतःच काढलेले निर्देशक त्यात भरले, तर सगळी मोजणी दोन-तीन मीटर सरकते. आतली अंतरे बरोबर जुळतात, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. काम सुरू करताना आणि संपवताना दुसऱ्या एखाद्या ज्ञात बिंदूवर रोव्हर टेकवणे हाच त्यावर उपाय. रोव्हरच्या दोन मीटरच्या काठीवरचा, ती सरळ उभी असल्याचे दाखवणारा बुडबुडा एक अंशाने ढळला तर साडेतीन सेंटिमीटर गेले, हे वेगळेच.

उंचीचे प्रकरण निराळे. रिसीव्हर एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गुळगुळीत गणिती पृष्ठभागापासूनची, उंची देतो. समुद्रसपाटीपासूनची हवी असेल तर त्यातून जिओइडची (सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठभागाची) एलिप्सॉइडपासूनची उंची वजा करावी लागते. हा फरक जागेनुसार कित्येक मीटरचा असू शकतो, म्हणून उंचीच्या रकान्यात नुसता आकडा लिहून भागत नाही.

टेपने पडताळणाऱ्यांसाठी एक सूचना : यूटीएम प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर पट्ट्यापट्ट्यांनी मांडण्याच्या पद्धतीत, पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ असते. तिथे समुद्रसपाटीलगतचा एक किलोमीटर निर्देशकांवरून ९९९.६ मीटर भरतो. या ४० सेंटिमीटरचा दोष यंत्राला देऊ नये.

– एक भूमापक