सोबतीचं तिकीट

प्रिय ताई,

तुम्हाला नावानं हाक मारत नाही. तुमच्या इनुइट लोकांत नावापेक्षा नातं मोठं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. गेलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की त्याची आई त्या तान्ह्याला 'बाबा' म्हणते, हे ऐकून मी हसलो होतो. मग आठवलं, माझ्या धाकट्या भावाला आजोबांचं नाव ठेवलं म्हणून आमच्या आजीनं त्याला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? तेव्हा ताईच बरं.

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. इंग्रजीत करून वेगळं पाठवतोय. पण ते आधी माझ्या माणसांनी वाचावं असं वाटतं, कारण कॅनडात, विनिपेगला आमच्या गणपतीच्या जेवणात दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "आपल्या टॅक्सचे पैसे तिकडे उत्तरेत, बर्फात उडवतात." मी पण हेच म्हणायचो. अकाउंटंट असल्यामुळे जरा जास्तच ठासून म्हणायचो.

कॅनडाच्या उत्तरेतल्या तुमच्या नुनावुत प्रदेशात, रँकिन इनलेट गावी दोन वर्षांच्या करारावर आलो तेव्हा माझ्यापुढे पेशंटांच्या प्रवासाची बिलं होती आणि शेजारच्या टेबलावर तुम्ही. तुमचं पद दुभाषीचं. प्रत्यक्षात फोन घेणं, विमानात जागा शोधणं, वादळानं विमान रद्द झालं की अडकलेल्या म्हाताऱ्यांची सोय लावणं, नव्या नर्सला गावाची वळणं समजावणं, सगळं तुमच्याकडे. आणि त्यात मी. पहिल्या आठवड्यात खिडकीशी आलेल्या एका बाईंना मी तीनदा विचारलं, "पावती आणलीत का?" प्रत्येक वेळी त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. मला वाटलं, बाई चिडल्या. तुम्ही खुर्चीतूनच म्हणालात, "तीनदा हो म्हणाल्या त्या." भुवया वर म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही. 'दुखतंय का' असं विचारून कागदाकडे बघत बसणाऱ्या डॉक्टरला इथे उत्तर कसं मिळत असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला.

पण आभार मानायचे आहेत ते त्या शेऱ्याबद्दल. एका आजोबांना डोळे तपासायला विनिपेगला पाठवलं होतं. जवळपास दीड हजार किलोमीटर. तिकिटं दोन, एक त्यांचं, एक नातीचं. मी फाइलवर शेरा मारला: 'डोळे एकाचे, प्रवासी दोन. सोबतीची गरज स्पष्ट करावी.' स्वतःच्या विनोदावर मी खूशही झालो होतो. बिल अडकलं.

तुम्ही भांडायला हव्या होतात. आमच्याकडे कुणी असा शेरा मारला असता तर टेबलावर फाइल आपटली गेली असती. तुम्ही मला घरी चहाला बोलावलंत. तव्यावरचा जाडजूड बॅनक, म्हणजे तुमच्याकडचा पाव, पुढे ठेवलात, मी त्यावर कराडहून आलेली शेंगदाण्याची चटणी घातली, तुम्ही चाखलीत आणि बरणीच आपल्याकडे ओढून घेतलीत. मग सांगितलंत, तुमच्या आईच्या थोरल्या बहिणीला क्षय झाला होता. तिला दक्षिणेला नेलं. एकटीला. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि तिथे कुणाला तुमची इनुक्टिटुट भाषा येत नव्हती. ती परत आली नाही, आणि तिला कुठे पुरलं हेही घरच्यांना कुणी कळवलं नाही. एवढंच बोललात. शेऱ्याचं नावही काढलं नाहीत.

मी नंतर वाचलं. 1950च्या दशकाच्या मध्याला दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेतल्या क्षयाच्या इस्पितळात होता. कित्येकांच्या कबरी घरच्यांना माहीतच नव्हत्या. 8 मार्च 2019 रोजी तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडोंनी नुनावुतच्या राजधानीत, इकालुइटला येऊन याबद्दल माफी मागितली, आणि हरवलेल्यांचा माग काढणाऱ्या कामाला नाव मिळालं 'नानिलावुत', म्हणजे 'चला, त्यांना शोधू या'. ज्या समाजाला ही आठवण आहे, त्या समाजातल्या म्हाताऱ्याला 'एकटे जा, डोळेच तर दाखवायचेत' असं सांगणारा कागद मी तयार केला होता. दुसऱ्या दिवशी मी शेरा खोडला. तुम्ही बघितलंत आणि भुवया उंचावल्यात.

आता थोडा हिशेब मांडू द्या ताई, ती माझी खोड आहे. आरोग्यासाठी केंद्राकडून प्रांतांना जो मोठा निधी मिळतो तो 2014पासून सरळ डोई वाटला जातो, माणशी सारखा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण नुनावुत म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा आणि लोकसंख्येचा हजारावा. 2021च्या जनगणनेत 36,858 माणसं. वस्त्या 25, आणि एकीहून दुसरीला जाणारा रस्ता नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यातलं जहाज. इस्पितळ एकच, तेही इकालुइटला. बाकी गावांत आरोग्य केंद्र आणि नर्स. डोकी मोजून पैसे वाटले की मधलं अंतर मोजायचं राहून जातं. ते भरून काढायला केंद्राचं वेगळं अनुदान आहे, नुनावुतचं बहुतेक उत्पन्न त्यातूनच येतं, आणि नेमकं तेच अनुदान आमच्या जेवणावळीत 'खिरापत' ठरतं. टोरोंटोत माणूस बसनं इस्पितळात जातो, त्या बसचं भाडं आरोग्याच्या खात्यात कुणी धरत नाही. तुमच्याकडे बसच्या जागी विमान आहे, एवढाच फरक. बाळंतपणाला बाईनं काही आठवडे आधीच घर सोडून दूर जाऊन थांबायचं, पहिली पोरं मागे शेजारणीकडे ठेवायची, हा खर्च तर कुठल्याच खात्यात सापडत नाही. मी शोधला आहे.

त्यातून एकाच पेशंटच्या प्रवासाचा भार दोन सरकारांत वाटलेला. कोणी किती द्यायचं यावर पत्रव्यवहार चालू असायचा आणि मी तो आनंदानं लांबवायचो. तुम्ही एकदा माझ्या टेबलाशी उभ्या राहून विचारलंत, "जॉर्डन माहीत आहे का?" जॉर्डन म्हणजे मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेकडच्या नॉर्वे हाऊस क्री या आदिवासी समाजातला मुलगा, जन्म 1999. जन्मल्यापासून विनिपेगच्या इस्पितळात. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरासारख्या ठिकाणी नेता येईल. पण तिथल्या देखभालीचा खर्च केंद्रानं करायचा की प्रांतानं, यावर दोन वर्षांहून जास्त वाद चालला. तो 2005मध्ये इस्पितळातच गेला, पाच वर्षांचा. 2007मध्ये संसदेनं एकमतानं ठरवलं, आधी मुलाची सोय करा, मग भांडा. त्यालाच 'जॉर्डन्स प्रिन्सिपल', म्हणजे जॉर्डनचं तत्त्व, म्हणतात. जॉर्डन रिव्हर अँडरसनचं नाव मला विनिपेगमध्ये राहूनही माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर माझ्या टेबलावरचे कागद जरा लवकर हलू लागले. जरा लवकर म्हणतो, फार नाही. सवयी जातात कुठे.

परत विनिपेगला आल्यावरची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. गेल्या हिवाळ्यात आई आली होती. दारातल्या बर्फावर पाय घसरला, मनगट मोडलं. इमर्जन्सीत नर्स भराभरा विचारत होती, कसल्या गोळ्या घेता, कशाची ॲलर्जी, पूर्वी भूल दिली होती का. मी गाडी लावून पोचेपर्यंत आईनं सगळ्याला 'यस, यस' म्हणून टाकलं होतं. मी बसून एकेक प्रश्न पुन्हा मराठीत विचारला तेव्हा निघालं, एका गोळीनं तिला अंगभर पित्त उठतं. "त्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं," आई म्हणाली. मी हातात फॉर्म धरून बसलो होतो आणि मला माझंच अक्षर दिसत होतं: 'सोबतीची गरज स्पष्ट करावी.'

आईला तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "चटणी आवडली का त्यांना?"

मात्ना, म्हणजे तुमच्या भाषेत धन्यवाद, ताई. उच्चार अजून चुकतोच.

आईनं जाताना तुमच्यासाठी चटणी कुटून ठेवली आहे, लसूण जास्त घालून. जहाजाची वाट न बघता विमानानंच पाठवतोय. भाडं चटणीच्या तिप्पट पडलं. मी शेरा मारलेला नाही.

तुमचा,
शेजारच्या टेबलावरचा