पावतीच्या मागे जागा कोरीच आहे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं की इंदूरजवळ चोरल, पातालपानी, कजलीगढ या बाजूला पावसाळ्यात साप फार निघतात, तर वनखात्याने ते सगळे पकडून लांब नेऊन सोडावेत म्हणजे फॅमिलीवाल्यांना निर्धास्त फिरता येईल. वाचून आधी हसूच आलं. मग म्हटलं लिहायलाच पाहिजे, कारण पंधरा दिवसांपूर्वी आमच्यासोबत जे झालं ते बघता अडचण सापाची नाहीये, दुसरीच आहे.

आमचा कॉलनीतला आठ-नऊ जणांचा ग्रुप आहे, रविवारी सकाळी पोहे-जलेबी बांधून घ्यायची आणि महूच्या पुढे कुठेतरी निघायचं. सगळे पन्नाशीच्या पुढचे, त्यामुळे ट्रेकिंग वगैरे मोठे शब्द नकोत, चालतो आपलं हळूहळू. इंदूरात राहून राहून वाटतं माळवा म्हणजे सगळं सपाट, पण महू सोडलं की थोड्या वेळात पठार एकदम संपतं आणि खाली निमाड दिसायला लागतं. जाम गेटला गेलेल्यांना माहीत असेल, अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा अगदी त्या काठावरच उभा आहे, पावसात तिथून ढग खाली दिसतात. हा सगळा काठ काळ्या बेसॉल्टचा, थरावर थर आणि थरांच्या मध्ये फटी. पाऊस उघडून ऊन पडलं की कडेचा दगड छान तापतो. आपल्याला पाय सोडून बसायला नेमकी तीच जागा आवडते, आणि सापालाही तीच.

तर त्या दिवशी वहिनींनी असाच एक छान सपाट दगड बघून चादर झटकली, अंथरणार तोच मागून आवाज आला, "आंटीजी, वहां मत बैठो." बकऱ्या घेऊन आलेला बारा-तेरा वर्षांचा पोरगा होता. त्याने काठीने लांबूनच दाखवलं तरी आम्हाला दोन मिनिटं काही दिसेचना. मग दिसलं. वाळलेल्या पानाच्या रंगाचं, जेमतेम हातभर, दोन्ही बाजूंनी फिकट नागमोडी रेघ, डोक्यावर बाणासारखी खूण, आणि अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासत होतं. फुत्कार नाही, कोरड्या तव्यावर वाळू घासावी तसली खरखर. माझं आजोळ रत्नागिरीकडचं, लहानपणी आजी दगड उचलू द्यायची नाही ती याच्याच भीतीने, म्हणून मी लगेच ओळखलं. फुरसं. एवढंसं असतं म्हणून लोक हलक्यात घेतात, पण चावलं तर रक्त गोठायचंच बंद होतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं.

आमच्यातल्या एका भियांनी लगेच मोबाईल काढला, रील बनवायची म्हणून दोन पावलं पुढे. दुसऱ्यांनी दगड उचलला. दोघांना माझ्याकडून जे ऐकायला मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोरगा मात्र शांतच होता, म्हणे, "ये तो रोज यहीं बैठता है, नए तो आप लोग आए हो." आम्ही चादर उचलली आणि वीस-पंचवीस पावलं लांब, मोकळ्यावर जाऊन पोहे खाल्ले. फुरसं आपल्या जागी, आम्ही आपल्या जागी. झालं एवढंच.

पण पोहे काही घशाखाली उतरेनात हो. वहिनी म्हणाल्या, समजा बसलेच असते तर? तर कुठे नेलं असतं? कोणाच्याच फोनला नेटवर्क नाही. परत येताना म्हटलं आज विचारूनच बघू. वाटेतलं आरोग्य केंद्र रविवार म्हणून बंद, कुलूप. मेडिकलवाला म्हणाला ते इंजेक्शन आम्ही ठेवत नाही. चहावाला म्हणाला महूला बघा, नाहीतर सरळ एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला जा, आणि बाजूला बसलेले एक आजोबा म्हणाले आधी तेजाजीच्या, म्हणजे साप चावल्यावर ज्याला साकडं घालतात त्या लोकदेवाच्या थानकावर न्या, तांती म्हणजे त्याच्या नावाचा दोरा बांधा. तिघांचं तीन तऱ्हेचं उत्तर, आणि आम्ही तर धडधाकट, हातात कार असलेली माणसं.

आजोबांना मी नावं ठेवणार नाही, तेजा दशमीला आमच्या शेजारचेही जातात, आणि नागपंचमीला उज्जैनला नागचंद्रेश्वराच्या लाइनीत मीही तासन् तास उभी राहिले आहे, वर्षातून एकदाच उघडतं ना ते. श्रद्धा असू द्या, पण थानकावर जायचं ते हॉस्पिटलमधून घरी आल्यावर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच औषध चालतं, अँटीव्हेनम, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून डॉक्टरला दाखवायला न्यायची काही गरज नसते, त्या भानगडीत दुसऱ्यालाही चावतो. घोणस-फुरशाचं विष चढलंय का ते बघायला काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं नुसतं ठेवतात, गोठलं नाही की समजायचं. इतकी साधी टेस्ट आहे. आपण काय करायचं तर अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आधी काढायचं कारण सूज येते, हातपाय फळी लावून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही आणि 108 ला फोन. करकचून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं यातलं काही नाही, याने पाय जातो वरून.

आता त्या वाचकांच्या मागणीबद्दल. साप उचलून दुसऱ्या जंगलात सोडला की त्याला ना तिथलं बीळ माहीत ना पाणी, तो भटकत राहतो आणि बरेचदा मरतो, आणि इथल्या रिकाम्या फटीत दुसरा येऊन बसतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या मर्जीने साप पकडता-मारता येत नाही. आणि सगळे काढले तर खालच्या गावांतले सोयाबीनवाले उंदरांनी रडतील ते वेगळंच.

खरं सांगू, सापांची भीती आपण शहरवाले करतो आणि मरतात दुसरेच. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला 58 हजारच्या आसपास, त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये, बहुतेक खेड्यांतले, आणि जास्त मृत्यू होणाऱ्या राज्यांत आपलं मध्यप्रदेश आहेच. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असा केंद्र सरकारचा 2024 चा प्लॅन आहे. आपल्या राज्यात माणूस गेल्यावर घरच्यांना 4 लाख मिळतात. गेल्यावर. त्याच्या आधी काय, तर बंद आरोग्य केंद्राचं कुलूप.

मी काही फार मोठं मागत नाहीये. त्या जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही पण तिथे गाडी लावायचे वीस रुपये घेतात, बिनचूक घेतात, आम्ही यायच्या आधी दुसरा एक पोरगा पावतीबुक घेऊन हजर. बोर्डही आहेत, कचरा टाकू नका, दारू पिऊ नका, काठावर सेल्फी घेऊ नका. सगळं बरोबर आहे. फक्त या वेळी, रविवारी, रात्री, अँटीव्हेनम नक्की कुठे मिळेल आणि ते किती किलोमीटर, एवढं कुठेच नाही. ते खालच्या गावात पंचायतीच्या भिंतीवर आधी लिहा, मग आमच्यासाठी पार्किंगला. त्या बकऱ्यावाल्या पोराच्या पायात रबरी चप्पल होती, आम्ही सगळे स्पोर्ट्स शूज घालून.

बोर्डाला बजेट नसेल तर ती पावती मी जपून ठेवली आहे. मागची बाजू अख्खी कोरी आहे, तिथे छापा.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर